गैरहजरांचा पेपर

"आवाज आला तर माझ्याशी गाठ आहे," एवढंच बोलून चौगुले हेडसरांनी खेळाच्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि बाहेरून कडी घातली. आत आम्ही नववीतली दहा-बाराजण होतो. सोबतीला लेझमा, दोन ढोल, फाटक्या गाद्या आणि कॅरमच्या पावडरीचा वास. खिडकी नव्हती. हॉलच्या बाजूच्या भिंतीत पार वर एक जाळी होती, तिच्यातून येईल तेवढाच उजेड.

पोरं उपाशी राहायला नकोत म्हणून सरांनी जाताना पिशवीभर भडंग आत दिलं होतं. आता आमच्या जयसिंगपूरकडचं भडंग किती कुरकुरीत असतं हे खाल्लेल्यालाच माहीत. ते आवाज न करता कसं खायचं हे काही सर सांगून गेले नव्हते. आम्ही चिमूटभर तोंडात धरायचो आणि मऊ पडेपर्यंत एकमेकांकडं बघत बसायचो. सादिक मुजावरला हसू आवरेना, तेव्हा त्यानं तोंडात रुमाल कोंबला.

भिंतीपलीकडं हॉलमध्ये आमच्याच वर्गातली बाकीची मुलं गणिताच्या पेपराला बसली होती. पेपर साधासुधा नव्हता. जगातल्या किती तरी देशांत पंधरा वर्षांच्या पोरांना एकसारखाच देतात आणि कुठली पोरं गणितात कुठवर पोचलीत ते बघतात, तो. अख्ख्या जिल्ह्यातून आमच्या एकट्या शाळेचं नाव निघालं होतं. कोण कोण बसणार हेही पुण्याच्या कुठल्याशा ऑफिसातल्या कॉम्प्युटरनं चिठ्ठ्या काढल्यागत ठरवलं होतं, आणि मेल्यानं हुशार-ढ काही म्हणून बघितलं नव्हतं. पैकीच्या पैकी घेणाऱ्या पूजा खंजिरेचं नाव नाही आणि माझं, जयमाला मगदूमचं, आहे, म्हणजे काय ते समजा. पाचवीपासून गणिताच्या तासाला मी बाईंच्या नजरेला नजर दिली नव्हती.

यादी बघून हेडसर हबकले. त्यांनी पुण्याला फोन करून नावं बदलून मागितली, पण तसं चालत नाही, असं तिकडून सांगितलं. शाळेच्या फाटकावर शंभर टक्के निकालाचा भला मोठा बोर्ड होता. तो निकाल कसा लागायचा तेही सांगते. नववीत जे कच्चे असतील त्यांच्या हातात शाळेचा दाखला ठेवायचा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरायला सांगायचं. म्हणजे दहावीला बसायचं, पण बाहेरून, शाळेचं नाव न लावता. मग शाळेत उरतात ते सगळे पास. सर मनानं वाईट नव्हते. पोरगं चार दिवस दिसलं नाही तर सायकल मारत त्याच्या घरी जाणारा माणूस. पण कच्चं बाजूला काढलं की बाकीचं चांगलं दिसतं, हे त्यांच्या हाताला पडलेलं वळण होतं. तेच त्यांनी इथं वापरलं. नाव बदलता येत नाही ना, मग गैरहजर तर राहता येतं. आणि आम्ही घरी राहिलो तर कुणीतरी बाजारात पेपर घ्यायला आलेल्या पुण्याच्या मॅडमच्या समोर येईल, म्हणून ही खोली.

मला त्यांनी आदल्या आठवड्यात ऑफिसात बोलावलं होतं. एक सकाळ गप बसायचं, त्याबदल्यात मी तुला इथूनच दहावीत घालतो, असं म्हणाले. आणि नाहीतर काय, ते न बोलता टेबलाच्या खणाकडं बघितलं. त्या खणात सतरा नंबरचे फॉर्म असतात हे सगळ्या शाळेला माहीत होतं.

माझ्या थोरल्या बहिणीला, पद्माक्काला, त्याच खणातला फॉर्म मिळाला होता. आज भरू, उद्या भरू करता करता तो भरायचा राहिला तो राहिलाच, आणि पुढं तिचं लग्न चिकोडीकडं लावून दिलं. माझ्या बाबतीत अप्पांनी आधीच सांगून टाकलं होतं, नववी सरळ निघाली तर दहावी, नाहीतर घर. अप्पांची पिठाची गिरणी होती. दिवसभर त्या आवाजात राहून त्यांना थोडक्यात बोलायची सवय झाली होती आणि बोललेलं ते फिरवत नसत. मला तर मिरजेला जाऊन नर्स व्हायचं होतं. माझी आत्तेबहीण तिथं होती. तिचं ते मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं घड्याळ मला फार आवडायचं. त्यासाठी आधी दहावी हवी होती आणि दहावीसाठी ही खोली. हेडसर गिरणीत जाऊन अप्पांनाही सांगून आले होते. अप्पांनी त्यांना हात जोडले म्हणे. मग मी कशाला नाही म्हणते.

जाळीतून मॅडमचा आवाज येत होता. देवस्थळी मॅडम त्यांचं नाव. सकाळी गाडीतून उतरताना ओझरत्या दिसल्या होत्या, बारीक चणीच्या, केस पिकलेल्या. त्या मुलांना सूचना वाचून दाखवत होत्या.

"या चाचणीत कुणी पास नाही, कुणी नापास नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या वहीवर तुमचं नाव नसेल, नुसता नंबर असेल. कुणाला किती आलं हे कुणालाही कळणार नाही. तुमच्या शाळेलासुद्धा नाही."

मी भडंगाची चिमूट तशीच हातात धरून बसले. सादिकनं तोंडातला रुमाल काढला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, मग आपल्याला कोंडलं कशाला? मला तरी कुठं माहीत होतं. शाळेलाही कळणार नाही तर शाळेचं नाव जाणार कसं? हे सरांना कुणी सांगितलं नव्हतं, की सांगूनही त्यांना खरं वाटलं नव्हतं, देव जाणे. मार्क कुणालाच कळत नाहीत असला पेपर आमच्याकडं कुणी ऐकला होता?

त्या खोलीत मग मला फार कोंडल्यासारखं झालं. दार तर आधीपासूनच बंद होतं, पण ते तोवर मला जाणवलं नव्हतं. रेश्मा कांबळे कोपऱ्यात पाय दुमडून रडवेली झाली होती, तिला बाहेर जायचं होतं आणि विचारायचं कुणाला. दारावर थाप मारावी असं माझ्या मनात येऊन गेलं. हात उचललासुद्धा. मग अप्पा आठवले, तो खण आठवला, आणि तोच हात मी रेश्माच्या पाठीवर ठेवला. गप बस, होईल आत्ता, म्हणाले. मला स्वतःचाच राग आला होता.

पेपर संपल्यावर मॅडम आणि हेडसर हॉलमध्येच बोलत उभे राहिले. इतक्या खुर्च्या रिकाम्या कशा, मॅडम विचारत होत्या. गावात तापाची साथ आहे, सर म्हणाले. मॅडम म्हणाल्या, अरेरे. आणि मग अगदी सहज, चहा हवा का विचारावं तसं, त्यांनी सांगितलं की इतकी मुलं गैरहजर असली तर नियमाप्रमाणे त्यांची वेगळी बैठक घ्यावी लागते. मी आज मुक्काम करते, उद्या जी मुलं येतील त्यांचा पेपर घेऊ. जी येणार नाहीत त्यांच्या घरी जाऊन बघते, औषधपाणी काही लागलं तर तेही बघू.

 

थोड्या वेळानं कडी निघाली तेव्हा सरांचा शर्ट पाठीला चिकटला होता. रेश्मा त्यांना ढकलूनच बाहेर पळाली. बाकीच्यांना त्यांनी ओळीत उभं केलं. उद्या सगळ्यांनी यायचं, ताप उतरला म्हणायचं, असं बजावलं. आणि मग हळू आवाजात म्हणाले, "पेपर हातात घ्यायचा, उघडायचा, आणि कोरा ठेवायचा. लिहिलं की चुकणार. कोरा राहिला तर आजारी होती पोरं म्हणून सोडून देतील. ज्यानं एक अक्षर लिहिलं त्याचं माझ्याशी बोलणं संपलं."

जाळीतून ऐकलेलं त्यांना सांगावं असं मला वाटलं. पण त्यासाठी आम्ही ऐकत होतो हे सांगावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये आम्हीच, गैरहजर. हेडसर दारात हाताची घडी घालून उभे राहिले. मॅडमनी वह्या वाटायच्या आधी त्यांना नम्रपणे सांगितलं की शाळेतल्या कुणीही इथं थांबायचं नाही असा नियम आहे. सर थांबलेच. मग मॅडम स्वतः चालत गेल्या, सर बाहेर होईपर्यंत उभ्या राहिल्या आणि दार लोटून घेतलं. कडी लावली नाही, नुसतं लोटलं. ते मी बघितलं.

त्यांनी कालच्याच सूचना पुन्हा वाचल्या. कुणाला किती आलं हे कुणालाही कळणार नाही. सगळ्यांनी वह्या उघडल्या आणि सगळे हाताची घडी घालून बसले. सादिकनं डोकं बाकावर टेकलं. मॅडम गोंधळल्या. बरं वाटत नाही का, म्हणून एकेकाजवळ जाऊन विचारू लागल्या. माझ्याजवळ आल्या आणि माझ्या कपाळाला हात लावला. त्यांचा हात गार होता. मग पुढं गेल्या.

मीही घडी घालूनच बसले होते. पण डोळ्यांना कोण घडी घालणार. वहीत एक चित्र होतं, फुलदाणीचं. खाली बारीक, मध्ये फुगीर, वर परत बारीक मान. तिच्यात नळाचं पाणी एकसारख्या धारेनं पडतंय. शेजारी तीन-चार रेघा काढल्या होत्या, एक सरळ चढणारी, एक वाकडी, एक दोनदा वाकलेली. पाण्याची उंची कशी वाढेल, बरोबर रेघ कुठली, असं विचारलं होतं. आणि त्याखाली लिहिलं होतं, तुला असं का वाटतं ते सांग. खाली चार मोकळ्या ओळी.

मला गणितात असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. उत्तर काय हे विचारायचे, रीत लिही म्हणायचे, हात पुढं कर म्हणायचे. तुला असं का वाटतं, हे पहिल्यांदाच. आणि ती काय फुलदाणी होती का? ती घागर होती. रोज सकाळी नळाला मी जी लावायची तीच. बुडाशी पाणी भरभर चढतं, पोटात आलं की रेंगाळतं, तेवढ्यात घरात जाऊन चहाचं आधण ठेवून येता येतं, आणि गळ्याशी आलं की असं धावतं की पळत जावं तरी ओसंडून जातं. हे मला येत होतं. पुस्तकातलं नव्हे, बाईंनी सांगितलेलं नव्हे, मला येत होतं.

मी दाराकडं बघितलं. दाराखालच्या फटीत सरांच्या चपला दिसत होत्या.

किती वेळ तशी बसले कुणास ठाऊक. लिहिलं तर सरांना कळणार नाही, मॅडमनी सांगितलंय. नाही लिहिलं तर तेही कुणाला कळणार नाही. पण मला कळेल की. मी पेन्सिल उचलली. चार ओळी पुरल्या नाहीत, तेव्हा समासात लिहिलं. मग पुढचे प्रश्न बघितले. निम्मे मला आले नाहीत, तेही सांगते, उगीच बढाई नको. पण जे आले त्यांच्या खालच्या ओळी मी भरल्या. सादिकनं बाकावरून डोकं न उचलता एका डोळ्यानं माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा मिटला.

वह्या गोळा करताना मॅडमच्या हाताखालून एकेक कोरं पान जात होतं. माझी वही आली तशा त्या थबकल्या, पान उलटलं, परत उलटलं. मी हळूच विचारलं की घागरीचं बरोबर आलं का.

"मला तपासायची परवानगी नाही गं," त्या म्हणाल्या. "आणि तपासतील त्यांना तू कोण ते कळणार नाही."

वही पेटीत गेली आणि पेटीला सील लागलं.

त्या चाचणीचा निकाल पुढं वर्तमानपत्रात आला. आमच्याकडची पोरं पार तळाशी होती. एका मोठ्या तज्ज्ञांनी लेख लिहून समजावलं होतं की ही मुलं 'असं का वाटतं' विचारलं की जागा कोरी सोडतात, कारण त्यांना विचार करायची सवयच नाही. मी तो लेख दोनदा वाचला आणि मला हसावं की त्या तज्ज्ञाला एक दिवस खेळाच्या खोलीत बसवावं ते कळेना. आमच्यासारख्या खोल्या आणखी किती शाळांत होत्या, कुणास ठाऊक.

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी हॉलच्या बाहेर आले तेव्हा ऊन पडलं होतं आणि मला एकदम हलकं वाटत होतं. गणिताचा पेपर देऊन मी आजवर तोंड पाडूनच बाहेर आले होते. हेडसर तिथंच होते. एकेकाला विचारत होते, कोरा? हो सर. कोरा? हो सर. माझ्यापाशी आले. मीही म्हणाले, हो सर.

"मग हसतेस का?" सर म्हणाले.

मी हसत होते हे मला माहीतच नव्हतं. तोंड सरळ करायला गेले तर ते होईना. सर माझ्याकडं बघत राहिले आणि निघून गेले. सरांना सगळं कळलं होतं. सीलबंद पेटीतलं कुणाला कळणार नव्हतं, ते माझ्या तोंडानं सांगून टाकलं होतं.

एक मे रोजी नववीचा निकाल लागला. खोलीतले सगळे पुढच्या वर्गात गेले, सादिकसुद्धा. मला मात्र गणितात थोडे मार्क कमी पडले होते. माझ्या हातात दाखला आला आणि दाखल्याच्या आत घडी घातलेला सतरा नंबरचा फॉर्म.

मी गिरणीत गेले, पण अप्पांना सांगायचा धीर होईना. गिरणी चालू होती, हेडसरांच्याच डब्यातला गहू वर ओतलेला होता आणि सर स्वतः पीठ न्यायला येऊन उभे होते. मला बघून तेच अप्पांना काही सांगू लागले. पट्ट्याच्या आवाजात अप्पांना ऐकू जाईना. सर ओरडून बोलायला लागले. तेव्हा अप्पांनी हात लांब करून मोटर बंद केली. दळण अर्धवट असताना गिरणी कुणी बंद करत नाही, दाणे अडकतात आणि परत चालू करताना मोटर ओढत नाही. अप्पांना तसं करताना मी कधी बघितलं नव्हतं.

"सर, तुम्ही शब्द दिलता," अप्पा म्हणाले.

शब्द तुमच्या मुलीनं मोडला, सर म्हणाले. काय केलं तिनं, अप्पांनी विचारलं. आणि सर बोलून गेले, "पेपर लिहिला तिनं."

गिरणीत दळणाला आलेल्या दोघी-तिघी बायका होत्या. त्यांतली एक फिस्सकन हसली. सरांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं असावं, त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. अप्पा माझ्याकडं वळले. पीठ बसून त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

"का लिवलास?"

दहा कारणं मनात आली. मॅडम, जाळी, कुणाला कळणार नाही ते. त्यातलं एकही तोंडातून आलं नाही.

"मला येत होतं, अप्पा," मी म्हणाले.

 अप्पांनी वर राहिलेला सरांचा गहू ओंजळीनं काढायला सुरुवात केली. मी मदतीला गेले. न दळलेला गहू पिशवीत भरला, झालेलं पीठ डब्यात घातलं आणि दोन्ही सरांच्या पुढ्यात ठेवलं. उरलेलं दुसऱ्या गिरणीत दळून घ्या, असं अप्पा अगदी हळू आवाजात म्हणाले. सरांनी पैसे पुढं केले, ते अप्पांनी घेतले नाहीत. सर गेले. त्यांची मान खाली होती, आणि खरं सांगू, मला त्यांचं वाईटच वाटलं.

पुढं सतरा नंबरनं मी दहावी केली, एकदा आपटून दुसऱ्यांदा, आणि मिरजेला गेले. घड्याळ आज आतल्या बाजूलाच बांधते. पण मला आठवते ती त्या दिवशीची संध्याकाळ. गिरणी झाडून झाली होती. अप्पा पोत्यावर टेकून बसले होते आणि तो फॉर्म त्यांनी मांडीवर उघडून धरला होता. मला वाटलं पद्माक्काच्या फॉर्मासारखा हाही आता फळीवर जाणार. त्यांनी माझ्याकडं पेन मागितलं. त्यांना झरझर लिहिता येत नसे. माझं नाव एकेक अक्षर जुळवत त्यांनी लिहिलं आणि मग मान वर न करता विचारलं, काय आलतं त्या पेपरात?

मी सांगितलं. बुडाशी पाणी भरभर चढतं, पोटात रेंगाळतं, गळ्याशी धावतं. हातानं घागर काढून दाखवली, रेघ कशी वाकते तीही दाखवली. ते उत्तर मी पहिल्यांदाच कुणाला तरी मोठ्यानं सांगत होते. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग कोपऱ्यातल्या घागरीकडं बघून थोडा विचार केला.

"बरोबर हाय," ते म्हणाले, आणि पुढचा रकाना भरायला लागले.